महिना-दीड महिना गालातला चट्टा जात नाही: कॅन्सरची शंका कधी घ्यायची आणि निदान कसं होतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साखळीजवळ राहणारे तुमचे वडील, वय ५४, बरीच वर्षं सुपारी आणि तंबाखू डाव्या गालात धरतात. दीड महिन्यापासून त्याच जागी पांढरा चट्टा आहे, मधला थोडा भाग लालसर आहे, तिखट खाल्लं की जळजळतं, पण एरवी दुखत नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधी बी-कॉम्प्लेक्स दिलं, मग लावायला जेल दिलं. काका म्हणतात, तपासणीसाठी तुकडा काढला तर कॅन्सर पसरतो. वडील म्हणतात, चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग बघू. तुम्ही चट्ट्याचा फोटो टाकून विचारलंय: हा कॅन्सर आहे का, आणि असेल तर गोव्यातच कळेल का?

मी दंतवैद्य आहे, तोंडातले असे चट्टे आणि जखमा पाहणं हे माझं रोजचं काम आहे. तरीही फोटोवरून कॅन्सर आहे की नाही हे मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वडील समोर खुर्चीत बसले असते तरी नुसतं बघून मी खात्रीनं सांगू शकलो नसतो. बघून एवढंच ठरतं की तुकडा तपासायला पाठवायचा की नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याचं उत्तर 'हो' आहे, आणि ते याच आठवड्यात व्हायला हवं. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

तोंडाच्या आतलं अस्तर त्वचेपेक्षा कितीतरी वेगानं नवं होतं. गाल चावला, गरम चहानं टाळू भाजलं, माशाचा काटा हिरडीत गेला, तर आठ-दहा दिवसांत जागा भरून येते. नेहमीचं 'तोंड येणं' सुद्धा तसंच: लहान, गोल, भयंकर ठणकणारे फोड येतात, आठवडा-दोन आठवड्यांत जातात आणि पुन्हा कधीतरी दुसऱ्या जागी येतात. म्हणून दोन आठवडे ही आमची सीमारेषा. त्याच जागी, तोच चट्टा किंवा तीच जखम दोन आठवड्यांनंतरही असेल तर कारण शोधावं लागतं. कधी कारण समोरच असतं. दाढेची धारदार कड गालाला घासत असते किंवा कवळी टोचत असते. तेव्हा मी कड घासून गुळगुळीत करतो, कवळी काढून ठेवायला सांगतो आणि बरोबर दोन आठवड्यांनी परत बोलावतो. ही मुदत एकदाच द्यायची. गोळ्या बदलून, जेल बदलून तीच मुदत पुन्हा पुन्हा देण्यात महिने जातात. तुमच्या वडिलांची मुदत कधीच संपली आहे. शिवाय यातल्या काही जेलमध्ये स्टिरॉइड असतं. त्यानं जळजळ कमी होते, घरच्यांना वाटतं बरं होतंय, आणि चट्टा आहे तिथेच असतो.

आता दुखण्याबद्दल. "दोतोर, दुखना" (डॉक्टर, दुखत नाही) हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकल्यावर मला उलट काळजी वाटते. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखायला लागतो तो जंतुसंसर्ग झाल्यावर, किंवा तो खोल जाऊन मज्जातंतूपर्यंत पोचल्यावर. दाढ ठणकली की माणूस रात्री बारा वाजता फोन करतो, आणि न दुखणारा चट्टा सहा महिने तोंडात घेऊन फिरतो. आपल्या देशात तोंडाच्या कॅन्सरचे बहुसंख्य रुग्ण पुढच्या टप्प्यात पोचल्यावर रुग्णालयात येतात. तेही अशा जागेच्या रोगात, जी आरशात दिसते आणि बोटाला लागते.

वडिलांच्या चट्ट्यात मला तीन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे जागा. तंबाखू जिथे धरतात ती गाल आणि खालच्या हिरडीमधली खोबण ही भारतात या रोगाची सगळ्यात ओळखीची जागा आहे. दुसरी, पांढऱ्यात मिसळलेला लाल भाग. स्वच्छ कापडानं पुसून निघत नाही आणि दुसऱ्या कुठल्या रोगात बसत नाही अशा पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. नुसता पांढरा, सपाट, एकसारखा असेल तर पुष्कळदा तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण लाल भाग मिसळला, पृष्ठभाग खडबडीत किंवा चामखिळीसारखा झाला की धोका चांगलाच वाढतो. लोक पांढऱ्याला घाबरतात, लालकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक मखमलीसारख्या नुसत्या लाल चट्ट्याचा तुकडा काढला तर बहुतेक वेळा त्यात पेशींचे गंभीर बदल किंवा कॅन्सरच सापडतो.

तिसरी खटकणारी गोष्ट तिखटाची जळजळ. सुपारी खाणाऱ्याला हा त्रास सुरू झाला की मी तोंड उघडायला सांगतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे वडिलांना आज रात्रीच करून बघायला सांगा. जात नसतील, गाल आतून फिकट आणि ताठ वाटत असतील, तर सबम्युकस फायब्रोसिसची शक्यता आहे. सुपारीमुळे अस्तराखाली तंतू साठत जातात आणि तोंड हळूहळू आवळतं. तो स्वतः कॅन्सर नाही, पण काही रुग्णांत पुढे त्या जमिनीवर कॅन्सर होतो. आवळलेल्या तोंडात मागे काय चाललंय ते दिसत नाही, हा आणखी एक ताप.

डोळ्यांपेक्षा बोट जास्त सांगतं. हात स्वच्छ धुऊन, एक बोट गालाच्या आत आणि अंगठा बाहेर ठेवून चट्ट्याची जागा हलकेच चाचपायची. साधी जखम तळाला मऊ असते. कॅन्सरची जखम कडेला आणि तळाला कडक लागते. आंब्याच्या साटात कोयीचा तुकडा राहून जावा तशी. असा कडकपणा लागला तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही.

हे तुमच्या वडिलांपुरतं झालं. उत्तर इतरही वाचतील म्हणून ज्या खुणा लोक तोंडाच्या रोगाशी जोडतच नाहीत त्या सांगतो. जिभेच्या कडेवरची न भरणारी जखम, आणि ही तंबाखूला कधी न शिवलेल्या, अगदी तरुण माणसांतही होते. कान दुखतो, पण कानाच्या डॉक्टरांना कानात काहीच सापडत नाही: जिभेच्या आणि घशाच्या दुखण्याची वाट कानाकडे जाते. खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूला बधिर होणं. वर्षानुवर्षं नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी होणं. मानेत न दुखणारी, कडक, वाढत जाणारी गाठ. आणि हिरड्यांचा फारसा रोग नसताना एकच दात हलायला लागणं. हा शेवटचा प्रकार आम्हा दंतवैद्यांचीच परीक्षा घेतो. हलतोय म्हणून दात उपटला आणि मागची जखम महिनाभर भरलीच नाही, उलट तिथून मांस वर आलं, असे रुग्ण येतात. एकटाच दात हलत असेल आणि भोवतीची हिरडी वेगळी दिसत असेल, तर आधी एक्स-रे काढा असं तुम्हीच दंतवैद्याला सांगा.

उलट्या बाजूनं, आरसा घेऊन बसणारे काही लोक उगाच घाबरतात. जिभेच्या अगदी मागे ओळीनं दिसणारे मोठे दाणे जन्मापासूनचे असतात. गालाच्या आत पिवळसर बारीक ठिपके म्हणजे तेलग्रंथी. दात मिटतात त्या रेषेत गालावर उठणारी पांढरी आडवी रेघही नेहमीचीच. टाळूच्या मध्यावर हाडाचा टणक उंचवटा कित्येकांना असतो. यांतलं काहीही नव्यानं वाढत नसेल तर झोप घालवू नका.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे की हा रोग उत्तर भारतातल्या गुटखा खाणाऱ्यांचा. आकडेवारीनं त्याला थोडा हातभारच लावलाय: २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण देशात सगळ्यात कमी गोव्यात निघालं, ९.७ टक्के. चांगलीच गोष्ट आहे. पण वडिलांसारखा माणूस त्या ९.७ टक्क्यांत असेल तर राज्याच्या सरासरीचा त्याला काय उपयोग? आणि 'तंबाखू नाही, नुसती सुपारी' म्हणणारे तर स्वतःला व्यसनी मानतच नाहीत. फोंडा, सत्तरी, सांगे, केपे या भागांत सुपारी अंगणात पिकते, जेवणानंतर पुढे केली जाते, पूजेतही असते. सुपारी स्वतःच, तंबाखू नसतानाही, माणसात कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच स्पष्ट केलं. पूजेतल्या सुपारीबद्दल माझी काही तक्रार नाही, गालात तासन्‌तास राहणाऱ्या सुपारीबद्दल आहे. त्यात संध्याकाळची फेणी रोजची असेल तर तंबाखू आणि दारू यांचा धोका नुसता बेरजेत राहत नाही, गुणाकारात जातो.

जुन्या पिढीतल्या काही स्त्रिया मशेरी लावतात. किनारपट्टीच्या गावांत पेटलेलं टोक तोंडात धरून धुमटी (पानात गुंडाळलेल्या तंबाखूची विडी) ओढायची रीत होती. त्याचा मार टाळूवर बसायचा, आणि गोव्यातल्या गावांमध्ये १९७० च्या दशकात त्याचा अभ्यासही झालेला आहे. घरात अशी वयस्क बाई असेल तर तिचं टाळू टॉर्च लावून बघा. बायकांच्या सवयी डॉक्टर विचारत नाहीत आणि त्या सांगत नाहीत.

आता कुठे जायचं. साखळीहून तुम्हाला सोपा मार्ग म्हणजे सरळ बांबोळी. गोवा दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) दोन्ही तिथेच आहेत. दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिनच्या (तोंडाच्या रोगांच्या) ओपीडीत किंवा गोमेकॉत कान-नाक-घसा विभागात दाखवा, दोन्ही रस्ते पुढे एकाच ठिकाणी मिळतात. सकाळी लवकर पोचा. जवळच्या चांगल्या दंतवैद्याकडून चिठ्ठी मिळाली तर उत्तम, न मिळाली म्हणून अडून राहू नका. आत्तापर्यंतच्या गोळ्या आणि जेलची ट्यूब, मधुमेह-रक्तदाबाचे कागद, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं बरोबर न्या. त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना एकच वाक्य स्पष्ट सांगा: "दीड महिना झाला, जात नाही, तंबाखू त्याच जागी धरतात." पुन्हा गोळ्या मिळाल्या तर विचारा, "बायोप्सी का नको?" हे विचारणं उद्धटपणा नाही.

बायोप्सी म्हणजे काय, हे वडिलांना आधीच सांगा, कारण नावाचीच भीती जास्त असते. दाढ काढताना देतात तशी जागेवरची भूल, मग चट्ट्याच्या कडेचा छोटा तुकडा, ज्यात थोडा रोगट आणि थोडा निरोगी भाग येतो, आणि एक-दोन टाके. तासाभरात माणूस घरी. रिपोर्ट साधारण आठवडाभरात, कधी थोडा उशिरा. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो या समजाला आधार नाही. मग काकांसारखे लोक हे इतक्या ठामपणे का सांगतात? कारण त्यांनी पाहिलेले रुग्ण बायोप्सीला मुळात उशिरा गेलेले असतात. रोग आधीच खोल गेलेला असतो, पुढच्या दोन महिन्यांत तो वाढतो, आणि दोष सुरीला मिळतो. काकांवर रागावू नका, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय ते खरंच आहे, कारण मात्र चुकीचं जोडलंय.

रक्ताच्या तपासणीत तोंडाचा कॅन्सर कळत नाही. 'ट्यूमर मार्कर'वर पैसे घालवू नका. स्कॅनसुद्धा निदानासाठी नसतो, बायोप्सीनंतर रोग किती पसरलाय ते बघायला असतो. गाल-जबड्याच्या भागाला सहसा सीटी, जिभेला एमआरआय. मानेत गाठ असेल तर सुईनं त्यातल्या पेशी काढून तपासतात.

रिपोर्टमध्ये तीनपैकी काहीतरी येईल. 'हायपरकेरॅटोसिस' किंवा नुसती सूज, म्हणजे या तुकड्यात कॅन्सर नाही. 'डिसप्लेसिया', म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात, अजून कॅन्सर नाही. सौम्य, मध्यम, तीव्र अशा त्याच्या पायऱ्या असतात, आणि त्यावर चट्टा काढायचा की सवय सोडून लक्ष ठेवायचं हे ठरतं. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर. पहिल्या प्रकारचा रिपोर्ट आला की पेढे वाटून विषय मिटवतात, तिथे सावध राहा. तुकडा योग्य जागेवरून आला नसेल तर रिपोर्ट चांगला येऊनही चट्टा तिथेच असतो. चट्टा वाढत असेल किंवा कडक लागत असेल तर पुन्हा बायोप्सी मागा, आणि ठरलेल्या तारखांना दाखवत राहा.

कॅन्सर निघालाच, तर दोन सेंटिमीटरपर्यंतचा आणि पाच मिलिमीटरपर्यंत खोल असलेला, मानेत गाठ नसलेला रोग पहिल्या टप्प्यातला धरतात. या टप्प्यात मुख्य उपचार शस्त्रक्रिया, आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. तेव्हा घरात एक प्रश्न हमखास येतो: मानेत गाठ नाही, तर मान का उघडायची? मुंबईच्या टाटा मेमोरियलनं याच प्रश्नावर मोठी चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या लसीकाग्रंथी, गाठ लागत नसतानाही, पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. सर्जननं मानेबद्दल सांगितलं तर घाबरून दुसऱ्या गावाला पळू नका.

दुसरं मत घ्यायला मुंबईला किंवा बेळगावला जायचं असेल तर खुशाल जा, पण रिपोर्टच्या कागदाबरोबर काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून न्या. नाहीतर तिथे पुन्हा तुकडा काढतात आणि आठवडे जातात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्याची मुदत आत्ताच तपासा.

खरी अडचण मला वेगळीच दिसते: वडिलांना बसमध्ये बसवणार कोण. चवथीनंतर दिवाळी येते, दिवाळीनंतर गावची जत्रा. घरच्या कार्याआधी वाईट बातमी नको, असं माणसाला वाटतं, ते मी समजू शकतो. माझा अनुभव असा की 'कॅन्सर असेल' म्हणून आणलेला माणूस दारातून परत फिरतो, आणि 'दात साफ करून घेऊ, तोंड एकदा दाखवू' म्हणून आणलेला खुर्चीत बसतो. खोटं बोला असं म्हणत नाही, दात साफ करणं खरंच लागणार आहे. तंबाखूवरून भाषण त्या दिवशी देऊ नका, नाहीतर डॉक्टरांपुढे ते अर्धंच सांगतील. सोडायची तयारी दिसली तर तंबाखूच्या पुड्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे. सोडल्यावर चट्टा थोडा निवळला तरी बायोप्सी टाळायची नाही.

आईचं वय तीसच्या पुढे असणारच. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा तपासायचं आहे, आणि आरोग्य केंद्रात ते होतं. साधी टॉर्च घेऊन केलेली ही तपासणी किरकोळ समजू नका. तिरुवनंतपुरमला १९९६ पासून घरोघर प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी अशीच डोळ्यांनी तपासणी केली, आणि २००५ पर्यंतच्या निष्कर्षांत तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले.

रिपोर्ट येईपर्यंत तिखट आणि गरम टाळा, मऊ भात-पेज द्या, साध्या मिठाच्या पाण्यानं चुळा चालतील. तुरटी, चुना, कसलीही भुकटी त्या जागेवर लावू देऊ नका, कारण भाजलेली कातडी पुढच्या तपासणाऱ्याला फसवते. रिपोर्ट आला की वडिलांचं नाव आणि केस नंबर झाकून 'डायग्नोसिस' लिहिलेली ओळ इथे टाका. पुढची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तिचा अर्थ काय आणि डॉक्टरांना काय विचारायचं, ते लिहीन.